फडताळातली रोपे आणि माळ्यावरचे सीएफएल

आमच्या घरातले सीएफएल दिवे आता माणसांच्या उपयोगाचे राहिलेले नाहीत. २०१५ साली केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि इंदूरमधल्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही खोल्यांतून हे पीळदार पांढरे दिवे हळूहळू उतरवले गेले. त्यांतले बरेचसे चालू होते, आणि चालू वस्तू टाकून देण्याची आमच्याकडे रीत नसल्यामुळे ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवले गेले. गेली काही वर्षे हेच दिवे श्रावणाच्या सुमारास खाली येतात आणि माजघराच्या भिंतीतल्या फडताळात टोमॅटो, मिरची, वांगी आणि फुलकोबीची रोपे वाढवतात. शेजारच्या काकू सुरुवातीला म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्या फडताळात लग्नघर असल्यासारखा उजेड कसला?" आता त्याच त्यांच्या गच्चीतल्या कुंड्यांसाठी माझ्याकडून रोपे नेतात, आणि त्यांच्या ओळखीच्या दोन-तीन घरांनी असा प्रयोग करून पाहायचे ठरवल्यामुळे सगळे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

मुळात घरात रोपे करण्याची गरज का पडावी, हा प्रश्न रास्त आहे. माळव्यात उन्हाला तोटा नाही. परंतु हिवाळी भाजीची रोपे ज्या दिवसांत तयार करावी लागतात, नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे आभाळ भरलेले असते. ऑगस्टमध्ये पेरलेले टोमॅटो सप्टेंबरच्या अखेरीस कुंडीत किंवा वाफ्यात जायला हवेत. आणि त्या काळात गच्चीवर ठेवलेल्या ट्रेवर एक जोराची सर आली, तर बी मातीसकट वाहून जाते. सर नाही आली तरी सततच्या ओलीमुळे कोवळी रोपे बुंध्याशी सडून कोलमडतात. आमचे रामबागेतले घर जुने आहे, खिडक्या मोजक्या, आणि समोरच्या बाजूला चार मजली इमारत उभी राहिल्यापासून जे काही ऊन येत असे तेही सज्जापुरते उरले आहे. त्यामुळे पावसापासून आडोसा आणि पुरेसा उजेड या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळवायच्या, तर उजेड आपणच निर्माण करणे भाग होते.

या कामात माणसाचा डोळा हा सर्वांत अविश्वासू साक्षीदार आहे. दिवा लावलेली बैठकीची खोली आपल्याला लख्ख वाटते. प्रत्यक्षात तिथे शे-दोनशे लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) इतकाच उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा दहा हजार लक्सच्या आसपास किंवा त्याहून अधिक उजेड असू शकतो, आणि भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा एक लाखाच्या घरात जातो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, डोळ्याचा पडदा स्वतःला जुळवून घेतो आणि हजारपटीचा फरक आपल्याला दुप्पट-तिपटीसारखा भासतो. पानाजवळ अशी सोय नाही. त्याला जितके प्रकाशकण मिळतील तितकेच अन्न ते तयार करू शकते. "आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे, तरी मनी प्लांटची पाने लहान का येतात," या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

सीएफएलच्या बाबतीत सगळा खेळ अंतराचा आहे, आणि हे एक पटले की बाकीच्या बऱ्याच गोष्टी दुय्यम ठरतात. साधारण २३ वॅटचा सीएफएल सुमारे १,४०० ल्युमेन (दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप) उजेड देतो. तो चहूकडे सारखा पसरतो असे ढोबळमानाने धरले, तर दिव्यापासून दोन फुटांवर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर, सुमारे ३०० लक्स मिळतात. एका फुटावर सुमारे १,२०० आणि अर्ध्या फुटावर सुमारे ५,०००. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. अगदी जवळ गेल्यावर हे गणित थोडे बिघडते, कारण दिवा हा काही बिंदू नाही, त्याला स्वतःची लांबी-रुंदी आहे. पण निष्कर्ष बदलत नाही. छताला टांगलेला ४५ वॅटचा मोठा दिवा जे करू शकत नाही, ते पानापासून चार बोटांवर असलेला १५ वॅटचा दिवा सहज करतो. लोक आधी वॅट विचारतात, मग कंपनी विचारतात, आणि अंतर कोणीच विचारत नाही, याचे मला आजही नवल वाटते.

एवढ्या जवळ दिवा आणण्याची मुभा सीएफएल देतो, हाच त्याचा मोठा गुण. पूर्वीचा पिवळा बल्ब घेतलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत घालवीत असे; तो पानाजवळ आणला तर पान करपून जाई. सीएफएलची नळीही गरम होते, तिला पान टेकले तर त्यावर तपकिरी डाग पडतो, पण दोन-तीन इंचांची मोकळी हवा मध्ये असली की पुरते. तपासण्याची पद्धत सोपी आहे: पानांच्या शेंड्याच्या उंचीवर हाताची मागची बाजू मिनिटभर धरावी. तिथे नुसती ऊब वाटली तर ठीक, हात मागे घ्यावासा वाटला तर दिवा दूर हवा.

फडताळाची रचना सांगते. आमचे फडताळ भिंतीत सुमारे फूटभर खोल आणि दोन फूट रुंद आहे, आणि त्याची लाकडी दारे आम्ही काढून ठेवली आहेत. आतल्या तिन्ही बाजूंना आणि वरच्या फळीच्या खालच्या अंगाला मी साधा पांढरा चुना दिला. पुष्कळजण यासाठी स्वयंपाकघरातला चकचकीत फॉइल कागद चिकटवतात. तो सुरकुततो आणि उजेडाचे तुकडे तुकडे करून कुठेतरी भलतीकडे फेकतो. शिवाय विजेच्या उघड्या जोडणीजवळ धातूचा कागद असणे मला पसंत नाही. स्वच्छ, सपाट पांढरा रंग पडलेल्या उजेडातला मोठा हिस्सा परत करतो आणि तो सारखा पसरवतो, म्हणून चुना उत्तम. ज्यांच्याकडे फडताळ नाही, त्यांनी टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्यातून आलेला थर्माकोल तीन बाजूंना उभा केला तरी काम होते, मात्र तो दिव्यापासून चांगला दूर ठेवावा.

दिवे मी आडवे लावले आहेत. पीळदार सीएफएलच्या नळीचा आकार पाहिला तर लक्षात येईल की, त्याचा बहुतेक उजेड कुशीतून बाहेर पडतो, टोकातून थोडाच पडतो. दिवा उलटा टांगला की सर्वांत चांगला उजेड फडताळाच्या भिंतींवर जातो आणि रोपांना टोकाचा उरलासुरला मिळतो. आडवा लावला की नळीची लांब बाजू रोपांकडे येते. आणखी एक कारण आहे: सीएफएलच्या बुडाशी जो प्लास्टिकचा भाग असतो, त्यात त्याचे इलेक्ट्रॉनिक चोक असते, आणि दिवा उलटा टांगला की नळीची सगळी ऊब वर चढून त्या चोकला भाजते, त्यामुळे दिव्याचे आयुष्य कमी होते. फडताळाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना पिनेचे दोन-दोन होल्डर बसवून, चार दिवे समोरासमोर आडवे राहतील अशी जोडणी आमच्या नेहमीच्या वायरमनने करून दिली. हे होल्डर घ्यायला मी महाराणी रोडवर गेले, तेव्हा एक-दोन जादा दिवेही मिळतात का म्हणून विचारले. दुकानदार हसून म्हणाले, "भाभीजी, अब सीएफएल कौन पूछता है?" मग आतल्या खोलीतून धूळ झटकत दोन काढून दिले, तेही जुन्या किमतीला.

रोपे वाढतात तसे दिवे वर सरकवायला हवेत, असे सगळेच सांगतात. पक्के बसवलेले दिवे रोज वर-खाली कसे करणार? त्यापेक्षा ट्रे खाली-वर करणे सोपे. बी पेरले की ट्रेखाली विटांची चळत ठेवायची, इतकी की मातीचा पृष्ठभाग दिव्याच्या चार इंचांत यावा. आणि रोपे दिव्याला भिडू लागली की एकेक वीट काढत जायची.

टोमॅटोचे बी आमच्याकडच्या ऑगस्टच्या उबेत आठवड्याच्या आत उगवते, मिरची थोडी जास्त वेळ घेते. माती फोडून वाकलेल्या मानेचे पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी दिवे सुरू व्हायला हवेत. "सगळी उगवू देत, मग लावू" असे म्हटले तर पहिली उगवलेली रोपे दोन दिवसांतच हातभर मान काढतात आणि ती मान पुन्हा आखूड होत नाही. उजेड पुरेसा आहे की नाही हे सांगायला लक्समीटर लागत नाही, रोपाकडे नीट पाहिले की कळते. टोमॅटोच्या दोन लांबट बीजपर्णांच्या खालचा दांडा पाहावा. तो फिकट, काचेसारखा पारदर्शक आणि बोटभर लांब असेल तर उजेड कमी आहे. तो आखूड असेल, त्यावर बारीक लव दिसत असेल आणि त्याला जांभळट झाक असेल तर रोप समाधानी आहे. ही झाक म्हणजे रोग नव्हे. चांगल्या उजेडात रोप स्वतःच्या संरक्षणासाठी हे रंगद्रव्य तयार करते. खरी पाने फुटू लागल्यावर दोन पेरांमधले अंतर बघावे. चांगल्या उजेडात पाने एकावर एक दाटीने बसतात आणि वरून पाहिले तर माती दिसेनाशी होते.

रंगाविषयी बाजारात जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असतील, म्हणून थोडे तपशिलात जाते. सीएफएलच्या नळीत पाऱ्याची विरळ वाफ असते. वीज गेल्यावर ती मुख्यतः २५४ नॅनोमीटरच्या आसपासची, डोळ्यांना न दिसणारी अतिनील किरणे सोडते, आणि नळीच्या आतल्या अंगाला दिलेला पांढरा फॉस्फरचा लेप ती किरणे शोषून दिसणारा प्रकाश देतो. हा लेप तीन प्रकारच्या द्रव्यांचा असतो: एक निळा, एक हिरवा आणि एक तांबडा-नारिंगी प्रकाश देणारा. त्यांच्या मिश्रणाचे प्रमाण बदलले की दिवा थंड पांढरा किंवा उबदार पिवळसर दिसतो. खोक्यावर ६५०० के लिहिलेल्या दिव्यात निळा भाग अधिक असतो, २७०० के लिहिलेल्यात तांबडा. आपल्याकडे घरोघरी बहुधा पहिलाच वापरला गेला, आणि रोपांसाठी तोच बरा, कारण निळा प्रकाश रोपाला ठेंगणे व मजबूत ठेवतो. तेव्हा "झाडांचा खास दिवा" म्हणून जांभळा उजेड फेकणारे जे महागडे दिवे विकले जातात, त्यांच्यावाचून रोपांचे काहीही अडत नाही. हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी असतो, हे विधानही ऐकीव आहे. कीथ मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये अनेक पिकांच्या पानांवर मोजमापे करून दाखवले की, पाने हिरव्या प्रकाशाचाही चांगला उपयोग करतात. तांबड्याइतका नव्हे, पण दुर्लक्ष करण्याइतका कमीही नव्हे.

सीएफएलचा आणखी एक गुण सहसा कोणी सांगत नाही. दाट झाडीत, दुसऱ्या झाडांच्या सावलीत जो प्रकाश पोहोचतो, त्यात तांबडा भाग पानांनी शोषून घेतलेला असतो आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतितांबडा भाग शिल्लक राहतो. झाडातले फायटोक्रोम नावाचे द्रव्य या दोहोंचे प्रमाण ओळखते, आणि अतितांबडा वाढला की "आपण सावलीत आहोत, उंच व्हा" असा हुकूम सोडते. पिवळ्या बल्बच्या उजेडात अतितांबडा भाग भरपूर असे, म्हणून त्याखाली रोपे ताडमाड होत. सीएफएलमध्ये तो फारच थोडा असतो. त्यामुळे त्याच्याखाली वाढलेले रोप पुरेसा उजेड मिळाल्यास अंगाने आखूड आणि घट्ट राहते, आणि रोपवाटिकेला नेमके हेच हवे असते.

आता तासांकडे वळते. दिव्याचा उजेड उन्हापेक्षा कितीतरी कमी, म्हणून त्याची भरपाई वेळेने करावी लागते. दोन फूट बाय एक फूट जागेवर २३ वॅटचे चार दिवे लावले आणि त्यांचा निम्मा उजेड जरी पानांपर्यंत पोहोचला, तरी सुमारे १५,००० लक्स होतात. झाडांचा हिशेब प्रकाशकणांच्या संख्येचा, आणि ती मोलमध्ये मोजतात; त्या हिशेबात हे दर चौरस मीटरला, दर सेकंदाला साधारण २०० मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोमोल). सोळा तास दिवे चालले की दिवसाला ११-१२ मोल प्रकाश मिळतो. टोमॅटो-मिरचीच्या रोपांना एवढा पुरतो. त्याच टोमॅटोला फळे धरायची असतील, तर दिवसाला वीस मोलांच्या पुढे प्रकाश हवा, आणि मे महिन्यातले आमचे ऊन चाळिसाच्या पुढे देते. या आकड्यांवरून सीएफएलची मर्यादा आपोआप स्पष्ट होते. फडताळात टोमॅटो पिकवण्याचे स्वप्न कोणी पाहू नये. फुले येतील, कदाचित एखादे गोटीएवढे फळही धरेल, पण त्याची किंमत विजेच्या बिलात मोजावी लागेल. रोपे, मेथीसारखी कोवळी पालेभाजी, मोहरी-मुगाचे कोवळे अंकुर, आणि कमी उजेडात रमणारी आफ्रिकन व्हायोलेटसारखी फुलझाडे, एवढ्यापुरतेच हे दिवे.

सोळा तासांच्या पुढे मात्र जाऊ नये. रात्रभर दिवे ठेवले तर दुप्पट वाढ होईल हा हिशेब फसतो; टोमॅटोला अखंड उजेडात ठेवले तर त्याची पाने पिवळी पडू लागतात. काही झाडांच्या बाबतीत रात्रीची लांबी हीच मुख्य गोष्ट असते. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड या दोघांनी १९२० साली हे प्रथम नीट मांडले, आणि त्यांच्या प्रयोगातल्या दोन मुख्य पिकांपैकी एक होते सोयाबीन, हे आम्हा माळव्यातल्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. वेगवेगळ्या तारखांना पेरलेले सोयाबीन जवळपास एकाच सुमारास फुलावर का येते, या कोड्याचा माग काढता काढता त्यांना दिवस-रात्रीच्या लांबीचे सूत्र सापडले. सोयाबीनला फुलण्यासाठी रात्र पुरेशी मोठी व्हावी लागते. म्हणूनच रस्त्यावरच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या अगदी खाली येणारे सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडले तरी हिरवेच राहते. इंदूरला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांच्या आसपासचा असतो. फरक अवघा पावणेतीन तासांचा, पण पिकांना तो पुरतो.

घरातल्या कुंड्यांनाही हाच न्याय लागू आहे. शेवंतीचे कलम फडताळात सोळा तास उजेडात ठेवले तर ते हिरवेगार वाढत राहील आणि कळी धरणार नाही. कळी हवी असेल तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत ते पूर्ण अंधारात असायला हवे, मध्येच कोणी दिवा लावूनही चालत नाही. कोथिंबिरीचे याच्या उलट: दिवस मोठा झाला की तिला फुलोरा धरण्याची घाई होते, म्हणून तिच्या ट्रेला मी बारा तासच उजेड देते. हे सगळे लक्षात ठेवून रोज बटण दाबणे कोणालाच जमत नाही. भिंतीच्या प्लगमध्ये बसणारा, चकतीवर खुंट्या असलेला चोवीस तासांचा साधा टायमर मिळतो, तो बसवावा. सीएफएलला वारंवार चालू-बंद करणे मानवत नाही, त्यामुळे दिवसातून एकदाच लागणे आणि एकदाच विझणे हे त्याच्या आयुष्याच्या दृष्टीनेही हितावह आहे.

मातीबद्दल फार लिहीत नाही; कोकोपीट आणि जुने, चाळलेले कंपोस्ट समप्रमाणात पुरेसे होते. कंपोस्टचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्याला जगभर "इंदूर पद्धत" म्हणतात, ती कंपोस्टची रीत आमच्याच गावी तयार झाली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली इथे स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम करताना ती बसवली. पाला, शेण, राख आणि माती यांचे थर, ओल आणि वेळोवेळी पालटणे, एवढेच तिचे सार. पाण्याबाबत मात्र हात आखडता घ्यावा. बंदिस्त जागेत हवा खेळत नाही, मातीचा वरचा थर ओला राहतो आणि ज्या कोलमडण्याच्या रोगापासून पळून आपण रोपे घरात आणली, तोच रोग फडताळात गाठतो. पाणी ट्रेच्या खालून द्यावे, आणि दिवे चालू असताना शक्य तर एखादा लहान पंखा दूरवरून मंद सोडावा. वाऱ्याने हललेले रोप दांड्याने जाड होते. पंखा नसेल तर दिवसातून दोनदा शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवावा. टोमॅटोचा तो उग्र हिरवा वास बोटांना लागतो, आणि रोपांनाही व्यायाम होतो.

विजेच्या सुरक्षिततेविषयी मी थोडी कडक आहे. जिथे पाणी आहे तिथे उघडी वायर, गुंडाळलेली चिकटपट्टी आणि लोंबकळणारा होल्डर नको. जोडणी रोपांच्या वर असावी, वायर आधी खाली उतरून मग प्लगकडे वर जाईल अशी झोळदार ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही, आणि पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करावे. बिलाचे म्हणाल तर चार दिवे मिळून ९२ वॅट. सोळा तासांचे रोजचे जवळपास दीड युनिट, महिन्याचे सुमारे ४४. युनिटला सात रुपये धरले तर महिन्याला तीनशेच्या वर जातात. दीड महिना रोपे ठेवली तर साडेचारशे-पाचशे रुपये. बाजारात तयार रोप विकत घेणे याहून स्वस्त पडते, हे मी मान्य करते. पण आपल्याला हव्या त्या जातीचे, आजीच्या काळापासून घरात राखलेल्या वांग्याच्या बियांचे रोप कोणत्याही नर्सरीत मिळत नाही.

रोपे सहा इंचांची झाली, पाऊस उघडला, तरी त्यांना थेट गच्चीवर नेऊ नये. दिव्याखालच्या पानांनी खरे ऊन पाहिलेले नसते. पहिल्याच दिवशी भर उन्हात ठेवले तर ती पांढरी पडतात. आधी सज्जाच्या सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन, मग थोडे अधिक, असे आठवडाभर सरावू द्यावे. सप्टेंबरअखेरचे माळव्यातले ऊन पावसाने धुतलेल्या हवेमुळे विशेष तीव्र असते, हे विसरू नये.

राहिला पाऱ्याचा प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाही. सीएफएलमध्ये पारा असतो. थोडाच, घरगुती दिव्यात साधारणपणे पाच मिलिग्रॅमच्या आत, पण असतो. खाण्याच्या रोपांच्या डोक्यावर काचेची नळी असताना ती फुटणार नाही याची काळजी घ्यायलाच हवी, म्हणून दिवा बदलताना नळीला धरून फिरवू नये, बुडाच्या प्लास्टिकला धरावे. तरीही फुटलाच तर मुलांना खोलीबाहेर काढावे, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, उरलेली पूड ओल्या कागदाने टिपून सगळे झाकणाच्या बरणीत भरावे. ज्या ट्रेवर काच पडली, त्यातली माती आणि रोपे, कितीही जीव लागला असला तरी, वापरू नयेत. गेलेला दिवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. इंदूरच्या कचरागाडीला सहा कप्पे असतात आणि त्यांत घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो; गाडी आली की दिवा वेगळा, कागदात गुंडाळून, तो काय आहे हे सांगून द्यावा.

या पाऱ्यामुळेच सीएफएलचे दिवस भरले आहेत. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०२२ सालच्या बैठकीत ३० वॅटपर्यंतच्या घरगुती सीएफएलचे उत्पादन आणि व्यापार २०२५ पर्यंत थांबवण्याचे ठरले, आणि भारत त्या कराराचा सदस्य आहे. म्हणून ज्यांच्या घरी जुने दिवे पडून आहेत, त्यांनी ते जरूर वापरावेत. केवळ या कामासाठी कोणी नवीन सीएफएल शोधत फिरू नये. त्यांचे आयुष्य सहा ते आठ हजार तासांचे सांगितले जाते, आणि शेवटाकडे त्यांचा उजेड बराच उतरलेला असतो, जो डोळ्याला कळत नाही पण रोपांच्या लांबलेल्या माना सांगतात. माझ्याकडचे दिवे वर्षातून दीड-दोन महिनेच चालत असल्यामुळे अजून काही पावसाळे निघतील.

ते संपल्यावर दोन फुटी, दहा वॅटच्या चार एलईडी ट्यूब वरच्या फळीला शेजारी शेजारी लावायच्या असा विचार आहे. प्रत्येकी साधारण हजार ल्युमेन आणि तोही जवळजवळ सगळा खालच्या दिशेने, म्हणजे ४० वॅटमध्ये आताच्या ९२ वॅटपेक्षा पानांना अधिक उजेड मिळेल आणि बिल निम्म्याहून खाली येईल. विटांची उंची मात्र नव्याने ठरवावी लागेल, कारण फळीला चिकटलेल्या ट्यूब आताच्या आडव्या दिव्यांपेक्षा चार-पाच इंच वर बसतील.